डोक्यावरचं टिंब : तीन चोपड्यांच्या कामाच्या नोंदी

३ जून

गावभागातल्या काकूंकडून आज तीन चोपड्या घरी आणल्या. लाल पुठ्ठ्याच्या, वाण्याच्या खतावणीसारख्या लांबट. काकूंच्या सासऱ्यांच्या आहेत. ते सांगलीत शाळामास्तर होते आणि आठवड्यातून दोनदा सायकलवरून मिरजेला गाणं शिकायला जायचे. तिथं जे मिळायचं ते रात्री घरी येऊन लिहून काढायचे. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी साडेसत्तावन्न फुटांपर्यंत चढलं, तेव्हा दोन चोपड्या माळ्यावर होत्या आणि तिसरी कपाटाच्या खालच्या खणात. तिसरीची पानं आता पापडासारखी वाजतात.

काम असं ठरलं: पानांचे फोटो घ्यायचे, सगळं कंपोज करायचं, घरच्यांसाठी दोन प्रती छापायच्या आणि एक फाईल अशी करायची की बंदिश शोधली तर सापडली पाहिजे. काकूंनी पैशांचं विचारलं. मी म्हटलं, पोहे चालतील. छापखान्यात एकतीस वर्षं गेली, शिशाचे खिळे जुळवण्यापासून संगणकावरच्या श्रीलिपीपर्यंत. हे काम दोन महिन्यांत आटपेल असा अंदाज.

६ जून

फोटो झाले. पहिली चोपडी ८८ पानं, दुसरी ६४, तिसरीची सुटी होतील तेवढी ४१. चिकटलेली पानं ओढायची नाहीत, असं स्वतःला बजावून ठेवलंय. बटर पेपर घालून ठेवली आहेत.

शाई निळी-काळी, टाक असावा. अक्षर मास्तरांना शोभेल असं. समासात मधूनमधून दुधाचा हिशेब, कुणाचे उसने दिलेले पैसे, एका पानावर धोब्याचे कपडे. ते सोडून द्यायचं, फक्त गाण्याचं घ्यायचं.

११ जून

टायपिंगला बसलो आणि पहिल्याच पानावर अडलो.

गाणारी मंडळी मोबाईलवर स्वर लिहितात ते असं: तार (वरच्या) सप्तकाला डोक्यावर अनुस्वार, मंद्राला (खालच्या सप्तकाला) खाली नुक्ता, म्हणजे टिंब. सां म्हणजे तार षड्ज (वरचा सा), ध़ म्हणजे मंद्र धैवत. गाणं लिहायच्या भातखंडे पद्धतीतही तार स्वराच्या वर टिंब आणि मंद्राच्या खाली टिंब असतं, त्यामुळे डोळ्याला काहीच खटकत नाही. खटकतं ते संगणकाला. त्याला तिथं स्वर दिसत नाही, अक्षर दिसतं. मंद्र रिषभासाठी र खाली नुक्ता दिला की त्याचा ऱ होतो, आपल्या दऱ्याखोऱ्यांतला. मंद्र गंधाराचा गझलेतला ग़ होतो. मंद्र निषाद तर दोन तऱ्हांनी साठवला जातो, एक अखंड अक्षर म्हणून आणि दुसरा न अधिक नुक्ता म्हणून. दिसायला जुळे. शोधायला गेलं की एक सापडतो आणि दुसरा हुलकावणी देतो. यात अर्धा दिवस गेला.

कोमल (उतरलेल्या) स्वराखालच्या आडव्या रेघेसाठी युनिकोडमधलं वेदपाठाचं अनुदात्ताचं चिन्ह घेतलं: ग॒. तीव्र (चढ्या) मध्यमाच्या डोक्यावरच्या उभ्या रेघेसाठी त्याच्याच शेजारचं, ज्याचं तिथलं नाव ‘उदात्त’ आहे: म॑. वास्तविक ऋग्वेदाच्या पोथीत उभी रेघ स्वरितावर असते, उदात्ताला चिन्हच देत नाहीत. म्हणजे पोथीत तिचं काम एक, युनिकोडने नाव ठेवलं दुसरं आणि मी तिला जुंपलीय तिसऱ्याच गाडीला.

१४ जून

भाचा पुण्याहून आला होता. त्याला पडद्यावर दाखवलं. तो म्हणाला, “मामा, दिसतं ते कशाला साठवताय? अर्थ साठवा.” त्याने तक्ता करून दिला. एका स्वराला एक ओळ. रकाने असे: स्वर कोणता, सप्तक कोणतं, शुद्ध की विकृत (कोमल-तीव्र), कितव्या मात्रेवर, खाली शब्द कोणता. छापताना टिंबं-रेघा यंत्र स्वतः काढेल. शिवाय कळ दाबली की पेटीच्या आवाजात वाजतंही.

झकास. दहा पानं एका बैठकीत झाली.

२० जून

पहिल्या चोपडीचं पान १२. वरचा कोपरा फाटलेला, म्हणून रागाचं नाव नाही. तीनताल दिसतो, सोळा मात्रांची ओळ. षड्ज आणि रिषभ साधे, पण निषाद, धैवत आणि पंचम यांच्या डोक्यांवर टिंबं. तार सप्तकात टाकून वाजवलं तर शिट्टी ऐकू यावी तसं झालं. तार धैवतापर्यंत जाऊन पुन्हा मध्य षड्जावर उडी मारायची, असा गळा कुणाचा असतो?

फोटो मोठा करून पाहिला. पानावर किड्यांचे डाग आहेतच. टिंबं ही त्यांतलीच, असं ठरवलं. ती काढली. मग सुरावट जमेना, सा वरून एकदम वर नी. तेव्हा षड्ज आणि रिषभावरची टिंबं मास्तर द्यायला विसरले असणार, असं धरून ती मी दिली. आता सगळं नीट लागलं: सां, नि॒ सां रें, ध॒ नि॒ प. अंतऱ्यावर, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागावर, पाण्याचा मोठा डाग आहे, तो वाचता आला नाही, पण अस्ताई, म्हणजे पहिला भाग, खणखणीत वाजली. रागाच्या रकान्यात लिहिलं: अडाणा (?).

संध्याकाळी प्रश्नचिन्हही काढून टाकलं.

२३ जून

तालाची खूणही चमत्कारिक आहे. ओळीच्या वर १, ५, मग अधिकचं चिन्ह, मग १३. भातखंड्यांच्या पद्धतीत समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, फुली असते, म्हणून अधिकचं चिन्ह म्हणजे सम धरली. आकडे मुखड्यापासून मोजले असावेत. पुढे चाललो.

२८ जून

पान १७ ने घात केला. अंतऱ्यात षड्जाच्या डोक्यावर उभी रेघ. एकदा नाही, पाच वेळा, व्यवस्थित, ठसठशीत. डाग म्हणायची सोय नाही. उभी रेघ म्हणजे तीव्र. तीव्र षड्ज? षड्ज आणि पंचम अचल, त्यांना कोमल-तीव्र नसतंच, हे तर गाण्याच्या पहिल्या परीक्षेचं पोर सांगेल.

उद्या मिरजेला जातो. ब्राह्मणपुरीतल्या गाणाऱ्या बाईंना दाखवायला हवं.

२९ जून

बाईंचं वय ऐंशीच्या पुढे. तंबोरा दुरुस्तीला गेला होता, तशाच बसल्या. मी पान १२ ची छापील प्रत हातात दिली. चष्मा लावला, दोन ओळी गुणगुणल्या आणि थांबल्या.

“हा अडाणा एवढा दमलेला का रे?”

मी म्हटलं, बाई, लिहिलंय तसंच आहे.

“लिहिलंय कुणी? तू की त्यांनी? मूळ दाखव.”

फोनवर फोटो दाखवला. बोटांनी मोठा करता येतो हे त्यांना ठाऊक होतं, मलाच आश्चर्य वाटलं. मिनिटभर पाहिलं आणि हसायला लागल्या. “अरे, ही पलुस्करी लिपी, भातखंड्यांची नव्हे. टिंब डोक्यावर म्हणजे मंद्र. उभी रेघ म्हणजे तार. आणि हे अधिक म्हणजे सम नव्हे, खाली, टाळी न द्यायची जागा. सम एकावर आहे, एक लिहिलंय की धडधडीत.” मग खालच्या सप्तकात उतरून त्यांनी तीच ओळ म्हटली: सा, नी सा रे, मग मंद्र धैवतावर हेलकावा घेत नी, प. खोली एकदम रात्रीची झाली. दरबारी.

दरबारी आणि अडाणा यांचे स्वर जवळजवळ सारखे. दरबारी खाली रमतो, अडाणा वरच्या अंगाने उसळतो. मी सगळं एक सप्तक वर उचललं आणि समेला खालीच्या जागी नेऊन बसवलं. एकाच पानावर दोन्ही गोष्टी उलट्या केल्या, आणि यंत्र ते बिनतक्रार वाजवत होतं.

सर्वांत लाज वाटते ती याची की परीक्षेला दोन्ही लिपींची तुलना होती. मी पाठ करून, रकाने आखून लिहून आलो होतो. कोमल स्वराला पलुस्करी पद्धतीत हलन्ताचा पाय असतो, हेही तेव्हा लिहिलं असेल. मास्तरांचे पाय जरा आडवे पडलेत, मी त्यांना रेघा समजलो.

३० जून

भाच्याला फोन. “अर्थ साठवा म्हणालास, तो अर्थच उलटा होता.” तो गप्प. मग म्हणाला, चिन्हाचा वेगळा रकाना करू.

आता प्रत्येक स्वरापुढे आधी ‘कागदावर काय दिसतं’ हे लिहायचं. वर टिंब, वर उभी रेघ, खाली तिरका पाय, खाली गोल, डाग असू शकेल. त्यात शहाणपणा करायचा नाही. अर्थाचा रकाना त्यानंतर, आणि त्याच्या शेजारी तो कुणी लावला ते: मी, बाई, की दोघांच्या वादातून. छापखान्यात प्रूफ वाचणाऱ्याला पहिला नियम हाच शिकवतात, मूळ प्रत सुधारायची नाही. मी इतकी वर्षं तो दुसऱ्यांना शिकवला.

झालेली एकवीस पानं पुन्हा पहिल्यापासून.

५ जुलै

पलुस्करांनी टिंब डोक्यावर का दिलं याचा छडा लागला, निदान एक धागा तरी. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात हाच संकेत दिलेला आहे: मंद्राच्या माथ्यावर बिंदू, ताराच्या माथ्यावर उभी रेघ. म्हणजे पलुस्करांची खूण जुनी, आपल्याच मुलखात जवळजवळ आठशे वर्षांपूर्वी लिहिलेली. भातखंड्यांनी ती बाजूला ठेवून डोळ्याला पटेल ती सोय केली: खालचा स्वर, खाली टिंब, वरचा स्वर, वर टिंब. नवख्याला ही दुसरी खूण समजावून द्यावी लागत नाही. म्हणूनच मी फसलो. समजावून न घेता वाचता येतं असं वाटलं.

दोघांचा स्वभाव चिन्हांतही दिसतो, असं मला तरी वाटतं. विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे, जन्म १८ ऑगस्ट १८७२. लहानपणी फटाक्याने डोळे गेले, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला आले. १८९६ मध्ये मिरज सोडली, ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. वर्गात वीस-पंचवीस मुलं बसवून शिकवायचं तर पुस्तक हवं, पुस्तकाला लिपी हवी. आणि ती लिपी घडवणारा माणूस ती स्वतः डोळ्यांनी वाचू शकत नव्हता. हे मी कुठंही लिहून ठेवलेलं नव्हतं, परवा झोप येईना तेव्हा एकदम लक्षात आलं. विष्णु नारायण भातखंडे वाळकेश्वरचे, जन्म १० ऑगस्ट १८६०, पेशाने वकील. गावोगाव, संस्थानोसंस्थानी हिंडून उस्तादांकडून बंदिशी जमवल्या. त्यांना हजारो चिजा भराभर उतरवून घ्यायच्या होत्या आणि रागांची वर्गवारी करायची होती. त्यांची चिन्हं कमी, सुटसुटीत.

८ जुलै

सतारमेकर गल्लीत बाईंचा तंबोरा आणायला गेलो. मालक जवारी लावत होते, घोडीवर तारेखाली दोरा सरकवून ऐकत होते. बसल्या बसल्या त्यांना टिंबाची गोष्ट सांगितली. खाली म्हणजे खालचा सूर हे कसं सरळ आहे, वगैरे.

ते मान वर न करता म्हणाले, “तुमच्या कागदावर असंल. आमच्याकडं हात खाली आला की सूर वर चढतोय की ओ.”

खरंच आहे. सतारीच्या दांडीवर भोपळ्याकडे सरकाल तसा सूर चढत जातो. वर-खाली हे सुरात नसतंच. कुणीतरी ठरवतं आणि बाकीचे सवयीने तसं ऐकायला लागतात.

१३ जुलै

आज नुसतं मात्रांचं काम. पलुस्करी पानांवर स्वराच्या खाली खुणांची दुसरी रांग चालते. एक मात्रेला आडवी रेघ, अर्ध्या मात्रेला शून्यासारखा गोल, पाव मात्रेला वाटीसारखी कोर. प्रत्येक स्वर आपलं वजन अंगावर घेऊन उभा असतो. भातखंड्यांच्या पानावर एका मात्रेत जेवढे स्वर मावतात त्यांच्याखाली एकच कमान, वजन मात्रेचं, आत कोण किती जागा घेतो ते मोजून काढायचं.

कंपोझिटर म्हणून माझं मत विचाराल तर पलुस्करी पान जुळवणं म्हणजे शिक्षा. अक्षराच्या ओळीखाली खुणांची ओळ, दोन्ही एकमेकांखाली अचूक यायला हव्यात, मधे शिसाच्या पट्ट्या. एक खिळा हलला की पुढची सगळी गाडी रुळावरून उतरते. पलुस्करांच्या शाळेचा स्वतःचा छापखाना होता, तो का लागला असेल ते मला कळतं. बाहेरच्या छापखानेवाल्याने हात जोडले असते. पुढे त्यांच्या शिष्यांनीही खुणा सोप्या करत आणल्या.

गवई म्हणून मत विचाराल तर द्रुत लयीच्या ताना मला पलुस्करीतच नीट कळल्या. पण मी गवई नाही.

१९ जुलै

पाऊस. पाणी वाढतंय अशा बातम्या. चोपड्या वरच्या मजल्यावर हलवल्या, काकूंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, “तुम्ही आधी घरचं बघा.” आज काम नाही.

२४ जुलै

दुसरी चोपडी. इथं सगळी नाट्यपदं आणि अभंग. स्वरलिपी एका पानावरही नाही. फक्त शब्द, आणि वर एक ओळ: ‘चाल - अमुक पदाची.’

पहिल्यांदा वैतागलो. मग वाटलं, अरे, हीसुद्धा स्वरलिपीच आहे आणि आपल्याकडची सर्वांत खपाची. किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ १८८० चं. तेव्हापासून संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर राग-ताल नाहीतर चाल देण्याची पद्धत चालत आली. ज्याला ती चाल येते त्याला एका ओळीत पूर्ण सुरावट मिळते. ज्याला येत नाही त्याच्यासाठी तो नुसता पत्ता आहे, घर नाही.

तक्त्यात रकाना वाढवला: ‘चाल कुणाची’. मग साखळी लावत बसलो. या पदाची चाल त्या पदाची, त्या पदाची चाल आणखी कुठल्या कानडी पदाची. सात साखळ्यांपैकी तीन अशा पदाशी जाऊन संपतात जे चोपडीत नाही आणि मला माहीत नाही. हरिपूरपर्यंत विचारून आलो. देवलांचं गाव, ‘संगीत शारदा’कारांचं, तिथं कुणाला तरी येत असेल असं वाटलं. संगमेश्वराच्या देवळात एका आजोबांना एक चाल येत होती, पण त्यांनी म्हटली ती आणि बाईंनी फोनवर म्हटली ती यांत अंतरा वेगळा. दोन्ही रेकॉर्ड केल्या. रकान्यात ‘दोन पाठ’ असं लिहिलं.

२ ऑगस्ट

भाच्याने रात्री एक फोटो पाठवला. तमिळनाडूत पुदुकोट्टईजवळ कुडुमियानमलैला खडकात कोरलेला संगीताचा शिलालेख, साधारण सातव्या शतकातला. सात भागांत सुरावटी कोरल्या आहेत. गंमत अशी की स्वराक्षराची काना-मात्रा बदलून काम भागवलंय: स, सि, सु, से, र, रि, रु, रे. प्रत्येक स्वराची चार रूपं. खिळे जुळवणाऱ्याला याहून सुख नाही. आणि ती चार रूपं नेमकी काय सांगतात यावर अभ्यासकांत अजून वाद चालू आहे. दगड शाबूत आहे, अक्षर स्वच्छ आहे, पण पान १२ चं टिंब समजावणाऱ्या बाई तिथं नाहीत.

भाचा उत्साहात आहे. युरोपातलंही वाचून काढतोय. तिकडे सुरुवातीच्या पोथ्यांत शब्दांच्या डोक्यांवर नुसत्या वळणदार खुणा असत, आवाज चढला की उतरला एवढंच सांगणाऱ्या. किती चढला ते नाही. मग अकराव्या शतकात इटलीत गीदो नावाच्या साधूने रेघा आखून त्यांवर स्वर बसवायची रीत पक्की केली. त्याने पत्रात लिहिलंय की ज्याला दहा वर्षं लागायची ते आता एक-दोन वर्षांत येतं.

बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “दहा वर्षं काय स्वर पाठ करायला लागतात होय?” आणि चहा ठेवायला गेल्या.

९ ऑगस्ट

दरबारीचा गंधार. दोन दिवस यातच आहे.

मास्तरांनी पान १२ वर गंधाराला हलन्ताचा पाय दिलाय, म्हणजे कोमल. पण त्याच्या डोक्यावर आणखी एक खूण आहे, पाण्यावरच्या तरंगासारखी, तीन वळणांची. ना पलुस्करीत, ना भातखंडीत. पुढे पान १३ आणि १५ वरही आहे, फक्त दरबारीच्याच गंधारावर आणि धैवतावर.

बाई म्हणाल्या, आंदोलन. दरबारीचा गंधार पेटीवरच्या कोमल गंधारापेक्षा उतरता आणि झुलता, रिषभाला टेकून हलणारा. कितीदा हलायचं, कुठपर्यंत, याला खूण नाही. “गुरुजी म्हणायचे, झोपाळा दे, पण माणूस पडता कामा नये.” मास्तरांनी स्वतःसाठी एक खूण काढली, बस.

हा उतरता गंधार मोजायचा प्रयत्नही याच गावात झालेला आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी तारेच्या लांबीवरून बावीस श्रुतींचं, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांचं, गणित मांडलं आणि १९१० मध्ये इंग्रजीत पुस्तक काढलं. त्यांना आधार होता गवई अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचा, ज्यांची कबर मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. क्लेमंट्स नावाचा साहेब, आयसीएस अधिकारी, त्याने हे उचलून धरलं, १९१३ मध्ये स्वतःचं पुस्तक लिहिलं, श्रुतींची पेटीही बनवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत श्रुतींवरून चर्चा झडली. भातखंडे आपल्या बारा स्वरांवर ठाम राहिले.

मला विचाराल तर लिहिण्यापुरते भातखंडे बरोबर. बावीस खुणा कोण लक्षात ठेवणार? आणि आंदोलन ही जागा नाहीच, हालचाल आहे. तिला अपूर्णांक लावून काय हाती येणार? पण देवलांनी निवृत्तीनंतर तार, पट्टी आणि गणित घेऊन बसावं, हे मला फार जवळचं वाटतं.

निर्णय: तरंगाची खूण जशीच्या तशी चित्र म्हणून ठेवायची. पेटीच्या आवाजात वाजवायची सोय दरबारीच्या पानांवर बंद. त्याऐवजी बाईंच्या आवाजातली ओळ जोडायची.

२१ ऑगस्ट

पलुस्करांची पुण्यतिथी. १९३१ मध्ये ते गेले ते मिरजेतच. बाईंकडे शिष्यांचं छोटं गाणं होतं. मी पान १२ ची नवी प्रत नेली. त्यांनी ती उलटी ठेवली आणि डोळे मिटून दरबारी गायल्या.

२७ ऑगस्ट

तिसऱ्या चोपडीची सुटतील ती पानं झाली. पहिल्या चोपडीत मात्र नवा घोळ. पान ५० पासून टिंबं खाली यायला लागतात. पान ५३ वर एकाच बंदिशीत अस्ताईला मंद्राचं टिंब वर आणि अंतऱ्यात खाली. पान ५८ पासून पूर्ण भातखंडी, समेला फुली, खालीला शून्य. मास्तर मधेच कधीतरी पालटले. नवे गुरू मिळाले, की शाळेत नवी पुस्तकं आली, काकूंना माहीत नाही. प्रत्येक पानाला ‘लिपी’ असा रकाना देऊन टाकला: पलुस्करी, भातखंडी, संकर. संकराची पानं आठ. कधी पालटले ते कळलं असतं तर बरं झालं असतं, पण चोपडीत एकाही ठिकाणी तारीख नाही.

५ सप्टेंबर

कच्ची प्रत घेऊन काकूंकडे गेलो. पोहे झाले. काकूंनी एकेक पान उलटून पाहिलं. त्यांना स्वर वाचता येत नाहीत, पण सासऱ्यांचं अक्षर कुठल्या पानावर कसं आहे ते त्यांना पाठ आहे. मूळ चोपडी शेजारी उघडी होती. पान ३७ वर थांबल्या.

“आणि दूध कुठंय?”

मी म्हटलं, काकू, ते हिशेबाचं होतं, गाण्याचं नाही, म्हणून घेतलं नाही.

“अहो, ते सासूबाईंनी लिहिलंय. ते अक्षर त्यांचं.” त्यांनी बोट ठेवलं. मी वाकून पाहिलं. तीन महिने मी ते पान मोठं करकरून पाहिलंय, दोन हातांची अक्षरं आहेत हे एकदाही दिसलं नव्हतं. ‘दूध १ शेर, ६ आणे.’

मग पान ६१ काढलं. तिथंही दुधाची ओळ, त्याच हाताची. शेर तोच, पण पुढे ‘न.पै.’

नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले.

घाईघाईने सगळे समास पाहिले. पान ४९ पर्यंत आणे. ५२ वर आणे खोडून नवे पैसे केलेत, ५५ वर पुन्हा आणे, ५९ पासून सरळ नवे पैसे. आणे सुटायला सगळ्यांनाच वेळ लागला असणार, त्यामुळे वर्ष नेमकं सांगता येत नाही. पण टिंब डोक्यावरून पायाशी आलं ते याच पानांत, सासूबाई आण्यांचे पैसे करत होत्या त्याच सुमाराला.

६ सप्टेंबर

नवा रकाना: समास. सुरुवात पहिल्या चोपडीच्या पान १ पासून. दूध, उसने, धोबी, सगळं जसं दिसतं तसं. कुणाच्या अक्षरात, तेही.

काकूंना दुपारी बोलावलंय, अक्षर ओळखायला.